डावीकडची माया

१० जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलं-बिलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या जिन्यात शिंकलं तरी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

तर गोष्ट अशी. शाळेत तपासणीच्या वेळी सगळ्या मुलींना वाकायला सांगितलं. मी वाकले तर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आली. मग दवाखाना, मग एक्स-रे. माझा कणा वाकडा आहे, आत्या. अठ्ठावीस डिग्री. भूमितीत मला कोन कधी नीट काढता आला नाही, आणि हा न सांगताच निघाला. डॉक्टर म्हणाले, ही अजून दोन-तीन वर्षं वाढणार, आणि उंची वाढते तसा कणाही आणखी वाकू शकतो. पंचेचाळीसच्या पुढे गेला तर ऑपरेशन. पाठ उघडून आत सळया बसवतात. हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, पण आईचा हात माझ्या हातात होता, त्यामुळे मला सगळं कळलं.

ते होऊ नये म्हणून मला एक वस्तू मिळाली आहे. दवाखान्यात तिला ब्रेस म्हणतात, आई पट्टा म्हणते, मी डबा म्हणते. पांढरं जाड प्लास्टिक, काखेपासून कमरेच्या खालपर्यंत, मागे तीन पट्टे. पट्टे कुठवर आवळायचे त्याच्या पेनाने खुणा केल्यात. आई पहाटेच बेकरीत जाते म्हणून सकाळी बाबा आवळतो. आवळताना तोच डोळे मिटून घेतो. रोज वीस तास घालायचा. उरले चार, त्यात आंघोळ, खेळ आणि रडणं बसवायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे आत उजव्या बाजूला एक टणक उंचवटा आहे, माझ्या तळहाताएवढा, बरगड्यांवर दाबतो. तिथे लाल होतं. आणि डावीकडे डबा उगाच फुगलाय, आत हात जाईल एवढी पोकळ जागा. एकीकडे टोचतो, एकीकडे लोंबतो. तू असा ब्लाऊज शिवला असतास तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.

शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." मग म्हणाल्या, गंमत केली हो. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

टोचतं हे आईला सांगितलं नाही. ती आधीच जेवत नाही.

तुझी,
सुतळी

*

१९ जानेवारी

माझी सुतळी,

तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि मशीनवर डोकं टेकून बसले. गिऱ्हाईक विचारत होतं, बाई, बाह्या कधी मिळतील? मी म्हटलं, मिळतील तेव्हा मिळतील. आज माझ्या भाचीच्या पाठीचं चाललंय.

त्या तुमच्या काकूंना सांग, नळी माझ्याकडे पाठवा, त्यांची जीभ घालून बघते सरळ होते का.

आता नीट वाच. चाळीस वर्षं मी लोकांच्या अंगावर कपडे चढवतेय. जाडे, बारीक, पोक आलेले, एक खांदा उतरलेले, सगळे माझ्या टेपखालून गेलेत. आमच्या धंद्यात एकच नियम आहे: जिथे काचतं तिथे सैल सोडायचं. अंगाने कपड्याचं ऐकायचं नसतं, कपड्याने अंगाचं ऐकायचं असतं. आत उंचवटा राहिला म्हणजे काम कच्चं. घाईत कुणीतरी तसंच हातात दिलंय. दवाखान्यात रांगा लागलेल्या असतात, तुझ्या एकटीकडे कोण बघणार?

सोबत एक छोटी गादी पाठवतेय. मऊ कापूस, वरून जुनं धुवट सुती कापड, टाके असे घातलेत की तुला हाताला लागणार नाहीत. तो उंचवटा नुसता चिकटवलेला असेल. चमच्याच्या दांड्याने हळूच उचकट, निघेल. त्या जागी ही गादी ठेव. तो फेकू नकोस, कपाटात जपून ठेव.

आईला लगेच सांगायची घाई करू नकोस. बिचारी काळजीने अर्धी झाली असेल. तुला बरं वाटलं की आपोआप कळेल तिला.

तुझी आत्या

*

२ फेब्रुवारी

आत्या, तू जादूगार आहेस!

निघाला तो दगड. आता काही टोचत नाही. पट्टे पण खुणेपर्यंत सुळकन येतात. बाबा म्हणाला, "बघ, अंग सरावलं तुझं." वर्गात मी आहे हे लोकांना कळतच नाही, म्हणजे डबा आहे हे. फक्त एक मुलगा पाठीवर टकटक करून विचारतो, "कोण आहे घरात?" सगळे हसतात. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव.

तासांच्या वहीत रोज वीस लिहिते. आणि खरंच वीस असतात. इतका आरामाचा आहे की काढायची आठवण होत नाही.

तुझी सुतळी

*

१४ मे

वन्सं,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आज मनात नमस्कार नाही.

काल चार महिन्यांनी तपासणी होती. एक्स-रे काढला. अठ्ठावीसचे पस्तीस झालेत. डॉक्टर वही उलटीसुलटी करून बघत होते, रोज वीस तास, एक दिवस चुकला नाही, मग हे कसं? ब्रेस बसवणाऱ्या माणसाने डबा हातात घेतला, आत बोट फिरवलं आणि विचारलं, "यातला पॅड कुठे गेला?"

तो उंचवटा, वन्सं. तो पॅड म्हणजेच औषध होतं. वाकलेला भाग तोच दाबून धरतो. बाकीचं सगळं प्लास्टिक त्याला जागेवर ठेवायला आहे. साडेतीन महिने माझी मुलगी गोळी फेकून नुसता कागद गिळत होती.

ती म्हणाली, पडला. मग म्हणाली, मीच काढला. मग त्या माणसाने गादी बाहेर काढली. ती म्हणाली, मीच शिवली. हिला शर्टाचं बटण लावता येत नाही! मी ती गादी हातात घेतली आणि टाके बघितले. माझ्या लग्नातल्या साडीला फॉल तुम्ही लावला होता. तुमचा टाका मी अंधारात ओळखेन.

घरी आल्यावर तिने तुमचं पत्र दाखवलं, तेही मी टाका ओळखल्याचं सांगितल्यावर. तिने तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. तेवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

तुमची माया मला माहीत आहे. पण माझ्यापासून लपवायला का सांगितलंत? मी आई आहे तिची. एक फोन केला असतात, ओरडावं लागलं असतं तरी ओरडले असते. रात्रीचं ताट तुमच्या भावांनी तसंच उचललं.

*

२० मे

वहिनी,

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. एक अक्षर खोडायला जागा नाही.

मी विचारायला हवं होतं. चाळीस वर्षांची कात्री हातात आहे म्हणून मला वाटलं, मला अंग कळतं. मला कापड कळतं, अंग नाही. आणि तुझ्यापासून लपवायला सांगितलं ते काळजीने नाही, खरं सांगते. मला तिची एकटीची लाडकी व्हायचं होतं. मला मूल नाही, तिने मला गुपित सांगितलं, मी हुरळून गेले. बस, हे लिहायला मला तीन दिवस लागले.

माफ कर म्हणत नाही. पस्तीस आकडा ऐकल्यापासून माझा हात मशीनवर चालत नाही. काल एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

तिला माझं नाव काढून रागवायचं असेल तर रागवू दे, आवरू नकोस. आता ती कशी आहे, तेवढं एका ओळीत कळव.

*

३ जून

वन्सं,

एका ओळीत कळवण्यासारखं नाही.

पॅड पुन्हा बसवला, पहिल्यापेक्षा थोडा जाड. आता तिला खरा डबा काय असतो ते कळतंय. पहिल्याच दिवशी दोन तासांत काढून फेकला. शाळेत जाताना घालते, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात काढून पिशवीत भरते. बाईंनी मला बोलावून सांगितलं. मी ओरडले, समजावलं, तिच्या पायाही पडले, वन्सं, काय सांगू. तिचं एकच, "शेपूट आहे ते. वाकडं ते वाकडंच. चार महिने घातला तरी वाढलंच ना?" मी म्हणते, अगं, पॅड नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून झोपते.

डॉक्टरांनी सहा महिने दिलेत. नोव्हेंबरात पुन्हा एक्स-रे. याच वेगाने वाढला तर ऑपरेशनचं बोलू म्हणाले.

माझा राग गेलेला नाही. पण माझ्याशी ती बोलत नाही, आणि तुमचं ऐकते. तिने तुमच्यासाठी डॉक्टरांसमोर खोटं बोलून दाखवलंय. ज्या हाताने उसवलंत, त्याच हाताने शिवून द्या. लिहा तिला.

*

१५ जून

सुतळी,

तू मला पत्र लिहिलं नाहीस, तरी मी लिहितेय. वाचलं नाहीस तरी चालेल, पण फाडू नकोस. सोबतच्या बनियनमध्ये गुंडाळलंय, फाडलंस तर बनियनही फाटेल.

आधी हे: चूक माझी होती. तुझी नाही, दवाखान्याची नाही, तुझ्या पाठीची तर नाहीच नाही. मी न विचारता सल्ला दिला आणि वर लपवायला लावलं. दोन्ही वाईट, दुसरं जास्त वाईट.

आता मी काय केलं ते ऐक. इथल्या मोठ्या दवाखान्याच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिथे हे डबे बनवतात. गेल्या आठवड्यात दुकान बंद करून गेले. आत सगळीकडे प्लास्टरची धडं उभी, डोकं नाही, हात नाहीत, माझ्या दुकानातल्या पुतळ्यांची भावंडंच. कारागीर पन्नाशीचा, दाढीत पांढरी भुकटी. त्याने विचारलं, "काय काम आहे, बाई?" मी म्हटलं, "भाचीच्या ब्रेसमधला पॅड काढायला सांगणारी बाई ती मी. मला शिकायचंय."

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग स्टूल पुढे केलं.

तिथे घासायचं यंत्र घरघरत होतं, मला काही ऐकू येईना. तेव्हा त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि एका प्लास्टरच्या धडावरच लिहून लिहून समजावलं. उजव्या कुशीवर बाण काढला: "इथे दाब." मग डावीकडे मोठा गोल काढला आणि लिहिलं: "इथे जागा. दाबलेलं अंग जाणार कुठे? इथे."

सुतळी, मी त्या गोलाकडे बघत बसले. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, डावीकडे डबा उगाच फुगलाय. मी हसले होते. अगं, ती माया आहे! कापड बेतताना शिवणीच्या बाहेर जे जादा ठेवतो ना, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. माया सोडल्याशिवाय मी आयुष्यात कात्री चालवली नाही. तुझा डबा करणाऱ्या माणसानेही सोडली होती, तुझ्या कण्याला सरकायला, डावीकडे. आणि मी मूर्ख बाईने ती सोडली उजवीकडे, जिथे दाबायचं तिथेच. माया चुकीच्या बाजूला सोडली तर कपडा बिघडतो, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते.

मग तुझ्या शेपटाचं विचारलं. खरंच विचारलं, म्हटलं, हे सरळ होणार का? त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलला, शब्द न् शब्द ऐकू आला. "सरळ करण्यासाठी नाही हो हे. थोडं झालं तर आनंद आहे, पण काम ते नाही. मुलगी वाढते तोवर आणखी वाकू द्यायचं नाही, एवढंच काम. वाढ थांबली की डबा सुटला."

म्हणजे बघ, ती म्हण काकूंनाही कळली नव्हती, तुलाही नाही आणि मलाही नाही. शेपूट सरळ करायला कोण बसलंय? आहे तेवढंच वाकडं ठेवायचंय. पस्तीसला धरून बसायचं, छत्तीस होऊ द्यायचं नाही.

खोटं सांगत नाही: टोचणार. दाबणार म्हणजे टोचणार. पण टोचण्याचेही दोन प्रकार, हे त्याने शिकवलं. डबा काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली तर तो दाब, चांगला. लाली राहिली, कातडी सोलली, फोड आला तर तो काच, वाईट. तेव्हा चमचा नाही घ्यायचा, आईला सांगायचं आणि दवाखान्यात जायचं. बरोबर?

काच मात्र मी कमी करू शकते, ते माझं काम. सहा बनियन पाठवतेय. तुझी मापं आईने दिली. बाजूला शिवण नाहीच, गोल विणलेलं कापड आहे. खांद्यावर आहे ती बाहेरच्या बाजूला. लोकांना वाटेल उलटं घातलंय, वाटू दे. घट्ट बसतात, सुरकुती पडू देऊ नकोस, सुरकुतीच काचते.

आणि एक पट्टी पाठवतेय, निळ्या कापडाची, लांबच लांब, आणि माझा बटणांचा डबा. वही नको आता. वहीने आपल्या दोघींना फसवलं. पूर्ण वीस तास झाले, पॅडसकट, की एक बटण लाव. स्वतः. चार भोकांचं असेल तर चारही भोकांतून. नाही झाले तर जागा रिकामी सोड. रिकाम्या जागेवर कुणी ओरडणार नाही, मी आईकडून तसं कबूल करून घेतलंय. पण खोटं बटण लावायचं नाही.

तुझी आत्या

*

५ जुलै

आत्या,

मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे आधी लिहिते, कारण खाली कदाचित विसरेन.

बनियन चांगले आहेत. एवढंच.

पहिल्या दिवशी सहा तास. दुसऱ्या दिवशी नऊ. बाबाने घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवलं, म्हणाला सारखं बघू नकोस. अकराव्या दिवशी वीस झाले. मी रात्रभर कुशीवर वळायला कासवासारखी झटत होते, पण झाले. सकाळी बटण लावलं. बोटाला तीन वेळा सुई टोचली. तुम्ही लोक हे काम हौसेने करता?

दहा जागा रिकाम्या आहेत. आई बघते, ओठ मिटते. तिला किती कष्ट पडत असतील ते तिच्या ओठांवरून दिसतं.

खाली पडलेली पेन्सिल आता गुडघे वाकवून उचलते, राणीसारखी. पाठीच्या पिशवीचे पट्टे लांब करून घेतलेत. आणि पाठ टेकायला उंच खुर्ची लागते, म्हणून बाईंनी मला त्यांची दिली. त्या आता माझ्या बाकावर बसतात आणि कुरकुरतात.

अजून रागावलेली,
सुतळी

*

२३ ऑगस्ट

वन्सं,

घाईत लिहिते, भट्टी पेटलीय.

काल ती स्वतः माझ्याकडे आली. पाठ केली आणि म्हणाली, "आई, हे बघ, लाली अर्ध्या तासाने पण गेली नाही." मे महिन्यानंतर पहिल्यांदा तिने मला पाठ दाखवली. लगेच दवाखान्यात नेलं. कड थोडी घासून दिली त्यांनी, पॅडला हात लावला नाही. परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. प्लास्टिक टोचत होतं मला. मी हलले नाही.

राग गेला म्हणणार नाही, पण शोधायला गेले तर लवकर सापडत नाही हल्ली. बनियन अजून सहा लागतील, ती उंच होतेय.

*

३० सप्टेंबर

प्रिय आत्या,

प्रिय लिहिलंय, बघितलंस?

दोन बातम्या. चांगली आधी. तो टकटक करणारा मुलगा. काल त्याने पुन्हा वाजवलं, "कोण आहे घरात?" मी वळले (मला सगळीच्या सगळी वळावं लागतं, त्यामुळे फार भारी दिसतं) आणि म्हटलं, "मालकीण आहे. चपला बाहेर काढ आणि मग बोल." वर्ग फुटला. बाईपण हसल्या. त्याने खरंच एक चप्पल काढली! आता तो मला मालकीण म्हणतो. चालेल. मधल्या सुट्टीत त्याने विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, बरं. मग आम्ही खेळायला गेलो.

दुसरी बातमी. मैत्रिणीचा वाढदिवस होता. मला पातळ फ्रॉक घालायचा होता, एकदाच. दुपारी काढला तो रात्रीच घातला. कुणाला कळलं नाही. आईला वाटलं खेळायचे चार तास चाललेत. दुसऱ्या दिवशी बटणाचा डबा उघडून बसले, हिरवं बटण हातात घेतलं, सुईत दोरा ओवला. मग वाटलं, गादी मीच शिवली म्हणाले होते, तसंच झालं की हे.

जागा रिकामी सोडली. आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "फ्रॉक छान दिसत होता का?" मी म्हटलं, खूप. मग आम्ही दोघी रडलो, पण वाईट नाही.

आत्या, मला ऑपरेशनची फार भीती वाटते. मी दाखवत नाही, पण वाटते. रोज आवळताना मी मनात म्हणते, पस्तीस, पस्तीस, पस्तीस. बाबाही म्हणतो हल्ली, ओठ हलतात त्याचे.

तुझी सुतळी

*

८ ऑक्टोबर

सुतळी,

भीती मलाही वाटते. काल दुकानात मापं घेताना गिऱ्हाइकाची छाती चौतीस भरली आणि मी लिहून ठेवली पस्तीस. शिकाऊ मुलगी म्हणाली, बाई, हल्ली सगळ्यांची छाती पस्तीसच कशी?

ती रिकामी जागा मला सगळ्या बटणांपेक्षा आवडली. नोव्हेंबरात काय व्हायचं ते होवो, तुझ्या हातून कसर राहिलेली नाही. आकडा वाईट आला तर दुकानाला कुलूप लावून येते, तुझ्या उशाशी बसते, आणि तुझी आई हाकलेपर्यंत उठत नाही. पण आता तो विचार नको. आवळ पट्टे.

आत्या

*

१६ नोव्हेंबर

आत्या, आत्या, आत्या!

बसून वाच. मशीनवर नको, खुर्चीवर.

काल एक्स-रे होता. आई बेकरीतून तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. बाबा बाहेर थांबला, त्याच्याने आत येववेना. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला, पट्टीने रेघा मारल्या, कोन मोजला. पुन्हा मोजला. मी मनात म्हणत होते पस्तीस पस्तीस. ते म्हणाले, "पस्तीस."

मला वाटलं मीच मोठ्याने बोलले. पण आईने तोंडावर हात ठेवला होता, सगळं पीठ तोंडाला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत ही चार सेंटिमीटर उंच झालीय आणि कणा जागचा हलला नाही. ऑपरेशनचं नाव आता काढायचं नाही, असंच चालू ठेवायचं. अजून दीड-दोन वर्षं. मी म्हटलं, चालेल. म्हणजे चालेल असं नाही, पण चालेल.

आजवर पस्तीस मार्क मिळाले की घरी तोंड लपवायला लागायचं. काठावर पास! कुणी काठावर पास होऊन जिन्यात नाचलेलं बघितलंयस? मी नाचले, डब्यासकट. आवाजाने शेजारच्या काकू बाहेर आल्या. "काय गं, झाली का सरळ?"

मी म्हटलं, "नाही काकू! वाकडं ते वाकडंच! एका डिग्रीनेसुद्धा जास्त नाही!"

त्यांना काही कळलं नाही. बाबाने मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याचीच पाठ धरली. आता तो झोपून आहे आणि आई त्याला शेकतेय.

निळी पट्टी सोबत पाठवते. एकशे एकोणतीस बटणं, एकोणीस रिकाम्या जागा. मोजून बघ, खोटं एकही नाही. शेवटची शेवटची बटणं सरळ रांगेत आहेत की नाही? दुकानात लाव, गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांग, भाचीचं काम आहे.

आणि एक राहिलंच. जुना डबा आखूड झाला, म्हणून नवीन करायचाय. काल तिथेच माझ्या अंगावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घेतला. साच्यावर आमचा ब्रेस बसवणारा माणूस पेन्सिलने खुणा करत होता. मी म्हटलं, "दाब उजवीकडे बरोबर द्या. आणि डावीकडे माया भरपूर सोडा." तो थांबला. म्हणाला, "हा शब्द कुठून शिकलीस?"

मी म्हटलं, "माझ्या आत्याकडून. तिने एकदा चुकीच्या बाजूला सोडली होती, तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांना बाजू पाठ आहे."

तो हसला. आईपण हसली. मला मात्र तुझी इतकी आठवण आली की साचा ओला असताना हलायचं नसतं, तरी मी हलले.

तुझीच,
सुतळी

ता. क. रागावलेली नाही.